हातचे राखावे काय?

वृद्ध आईबापांनी हयातीतच आपले सर्व काही मुलांच्या नावावर करून मोकळे व्हावे, की अखेरपर्यंत काही हातचे राखावे? वरवर पाहता हा प्रश्न वकिलाच्या कचेरीतला वाटतो. परंतु आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत, पडवीत आणि स्वयंपाकघराच्या दाराआड, तो हलक्या आवाजात विचारला जात असतो. सगळे देऊन टाकावे तर उद्याची धास्ती, राखून ठेवावे तर मुलांवर अविश्वास दाखविल्याचा ठपका. बहुधा ही धास्ती मनातच राहते आणि सही मात्र कागदावर होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. श्रद्धेने जगू पाहणाऱ्या कुटुंबांपुढचा तो नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचा विचार आपण सर्वांनी मिळून, मोकळ्या मनाने केला पाहिजे.

वसईसारख्या भागात ह्या प्रश्नाला विशेष धार आली आहे. येथल्या शेतकऱ्याने केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले ह्यांवर संसार केला. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना निवृत्तिवेतन. वाडी हेच त्याचे निवृत्तिवेतन होते. शरीर थकले तरी वाडी त्याच्या नावावर असे, आणि वाडी नावावर होती म्हणून घरात त्याच्या शब्दाला वजन होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत शहर आमच्या दाराशी येऊन ठेपले. जी जमीन पोटापुरते देत होती तिला अचानक मोठा भाव आला. तेव्हापासून सातबाऱ्यावरचे नाव ही नुसती नोंद राहिली नाही. आपण जमीन देतो आहोत असे वृद्ध शेतकऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो आपले उद्याचे जेवण, औषध आणि डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या हाती सोपवीत असतो. हे त्याला समजावून सांगणारा माणूस त्या क्षणी शेजारी असतोच असे नाही.

दया की देणे?

प्रथम मुळापासून विचार करू. म्हाताऱ्या आईबापांना पोसणे ही मुलांनी केलेली दया आहे, की त्यांचे देणे आहे? आमच्या बोलण्यात नकळत दयेची भाषा शिरली आहे. “तो आपल्या आईला सांभाळतो, भला माणूस आहे,” असे आम्ही कौतुकाने म्हणतो. कौतुक करू नये असे नाही. परंतु घेतलेले कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही.

देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा आम्ही लहान मुलांना पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकवितो आणि तिचा अर्थ ‘मोठ्यांचे ऐका’ एवढाच करून थांबतो. वस्तुतः ही आज्ञा प्रथम प्रौढ इस्राएली पुरुषांना दिलेली होती. ज्यांचे आईबाप थकले होते आणि तंबूतील अन्नावर ज्यांची सत्ता होती, अशांना ती उद्देशून होती. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथातही ह्या आज्ञेचे विवरण करताना, प्रौढ मुलांनी आईबापांना वार्धक्यात, आजारात आणि एकाकीपणात ऐपतीप्रमाणे आर्थिक तसेच मानसिक आधार दिला पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे.

प्रभू येशूने ह्या आज्ञेचा आधार घेऊन शास्त्री-परूश्यांना जे सुनावले ते संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. त्या काळी एक सोय निघाली होती. मुलाने आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर केले की तिच्यातून आईबापांना काही देण्याचे बंधन उरत नसे. देवाचे नाव पुढे करून आईबापांचा घास तोडण्याची ही धर्ममान्य युक्ती होती. येशूने ती उघडी पाडली. हा प्रसंग नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. येशू तेथे मुलांच्या भावनेविषयी बोलत नाही. आईबापांना मिळायला हवी असलेली वस्तू त्यांना मिळाली की नाही, एवढाच त्याचा सवाल आहे. मान राखणे म्हणजे पाया पडणे नव्हे. त्या मानात भाकरी, वस्त्र आणि औषधही येते.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आईबापांविषयीच्या भक्तीचा विचार न्याय ह्या सद्गुणाच्या अंतर्गत केला आहे, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. त्यांचा विचार साधारण असा: ज्यांच्यापासून आपल्याला जीवन मिळाले त्यांचे ऋण पूर्णपणे कधीच फिटत नाही. आदर तर त्यांना सदैव द्यावयाचा आहेच. ते गरजेत पडले की त्यांचा चरितार्थ चालविणे हाही त्या ऋणाचाच भाग होतो. म्हणजे आदर नित्याचा आणि पोषण गरजेनुसार, पण दोन्ही देणेच.

येथे कोणी विचारील, नात्यात असा हिशोब आणला तर प्रेम उरेल काय? शंका रास्त आहे. परंतु अनुभव उलट सांगतो. ज्या आईला औषधाच्या गोळ्यांसाठी मुलाचे तोंड पाहावे लागते, ती गोळ्या संपल्याचे चार दिवस बोलतच नाही. सून रागावेल म्हणून दुसऱ्यांदा चहा मागत नाही. नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या हातात नोट ठेवण्याचीही तिला ऐपत राहत नाही. अशा घरात मारझोड नसते, उपासमारही नसते. पण प्रेमाची जागा हळूहळू भीती घेते. उलट, जिला आपला हक्काचा पैसा आहे ती मुलाशी आईसारखी बोलू शकते. हक्क मान्य केल्याने प्रेम आटत नाही, ते मोकळे होते.

राखणे आणि साठविणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या करारातील बेनसिराच्या पुस्तकात, तेहेतिसाव्या अध्यायात, ह्याविषयी अगदी व्यवहारी उपदेश आहे. जिवंत असेपर्यंत मुलगा, बायको, भाऊ किंवा मित्र ह्यांपैकी कोणालाही आपल्यावर सत्ता गाजवू देऊ नये, मुलांच्या हाताकडे आपण पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागावे हे बरे, आणि वारसा मरणसमयी वाटून द्यावा, असा त्याचा आशय आहे. तेच पुस्तक तिसऱ्या अध्यायात मुलांना बजावते की, बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याचा अवमान करू नये. एकाच ग्रंथात मुलांना दिलेली ताकीद आणि आईबापांना दिलेली सावधगिरीची सूचना शेजारी शेजारी नांदतात. मुलांनी कर्तव्य करावे, पण त्यांनी ते न केल्यास म्हाताऱ्याने उघड्यावर पडू नये, अशी ही दुहेरी तजवीज आहे.

मग शुभवर्तमानातील त्यागाचे काय? कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या त्या धनवान शेतकऱ्याला तर येशूने मूर्ख ठरविले. उधळ्या पुत्राच्या बापाने मागितल्याबरोबर वाटणी करून दिली. तेव्हा हातचे राखणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय?

आमच्या मते राखणे आणि साठविणे ह्यांत फरक केला पाहिजे. त्या शेतकऱ्याचा दोष त्याने धान्य ठेवले हा नव्हता. आपल्या जिवाची सगळी शाश्वती त्याने धान्यात पाहिली आणि त्याच्या विचारात दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती, हा होता. उधळ्या पुत्राच्या बापानेही वाटणी दिली खरी, पण पुढे काय दिसते? तो अजून घराचा धनी आहे. चाकरांना हुकूम तोच देतो, वासरू तोच कापावयास सांगतो, झगा आणि अंगठी त्याच्याच घरातून निघते. त्याच्या हाती काही राहिले होते म्हणून परत आलेल्या पोराला तो काही देऊ शकला. ज्याच्याजवळ काहीच उरत नाही त्याला क्षमा करता येते, पण मेजवानी देता येत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही आईबाप मालमत्ता राखत नाहीत, तिचा चाबूक करतात. आज ह्या मुलाला आशा लावायची, उद्या त्याला, आणि सुनेच्या प्रत्येक चुकीला मृत्युपत्र बदलण्याची धमकी द्यायची. हे वागणे चौथ्या आज्ञेच्या आड लपू शकत नाही. शिवाय तरुणांची गरजही खरी असते. मुलाला घर बांधायचे आहे, जागा नावावर नसेल तर बँक कर्ज देत नाही. वीस-वीस वर्षे सासूसासऱ्यांची सेवा करणारी सून किंवा आईबापांसाठी लग्न न करता घरी राहिलेली मुलगी, हिला उद्या ह्या घरात थारा मिळेल की नाही हे ठाऊक नसणे हाही अन्यायच आहे. तेव्हा आमचे म्हणणे असे: छप्पर, अन्न, औषधपाणी आणि आत्मसन्मान ह्यांना पुरेल एवढे आईबापांनी स्वतःच्या नावे राखावे. त्याहून अधिक असेल ते मुलांच्या उमेदीच्या वयात, सर्वांना विश्वासात घेऊन, उघडपणे द्यावे. पहिले राखणे हा लोभ नव्हे, आणि दुसरे अडवून धरणे हा शहाणपणा नव्हे.

ह्या ओघात मुलींविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असणारा १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश सर्व मुलामुलींना समान मिळते. असे असूनही लग्न झालेल्या मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आमच्यात चालू आहे. पुढे भावांत बेबनाव झाला की आई ज्या लेकीच्या दारी जाते ती बहुधा हीच लेक असते, आणि ती आईला परत पाठवीत नाही. जिला वाट्यातून वगळले तिनेच भार उचलावा हे कोणत्या न्यायात बसते?

लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास काय?

सर्वांत नाजूक मुद्दा येथे येतो. मुलाला घर देताना “आमचा मरेपर्यंत सांभाळ करावा” अशी अट कागदावर घालणे पुष्कळांना लाजिरवाणे वाटते. पोटच्या पोरावर अट? पण आमच्या जीवनातील पवित्र बंधने आम्ही काय तोंडीच ठेवतो? वधूवर वेदीपुढे साक्षीदारांसमक्ष वचन देतात आणि मग धर्मग्रामाच्या नोंदवहीत सही करतात. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून ते सही करतात, असे कोणी म्हणत नाही. वचन गंभीर आहे म्हणून ते लिहिले जाते. आईबापांना सांभाळण्याचे वचन त्याहून कमी गंभीर आहे काय?

कायदाही हेच सुचवितो. ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ ह्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. परंतु ‘अटीवर’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२२ साली सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी अट हस्तांतरणाला जोडलेली होती हे सिद्ध व्हावे लागते. २०२५ च्या जानेवारीत ऊर्मिला दीक्षित ह्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ह्या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताकडे पाहून उदारपणे लावावा असे सांगितले आणि आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले. त्या आईजवळ सांभाळाचे लेखी वचन होते, हे विसरू नये. एका ओळीच्या अभावी कोणाही म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू शकतात.

येथे बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र ह्यांतील भेदही सर्वांना माहीत असावा. नोंदविलेले बक्षीसपत्र एरवी मागे घेता येत नाही, मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्र मरणानंतरच अमलात येते आणि शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. त्यास दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून मिळकत मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला दिलेले व्यर्थ ठरते. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन मुलामुलींना बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये करण्यात आले. सोय चांगलीच झाली. पण जी गोष्ट स्वस्त होते ती घाईने होऊ लागते. मुद्रांक शुल्क वाचते म्हणून आयुष्याची पुंजी एका दुपारी देऊन टाकू नये, एवढेच आमचे सांगणे.

ज्यांच्याजवळ राखण्यासारखे काही नाही

आतापर्यंत आम्ही जमीन-घर असलेल्यांविषयी बोललो. पण प्रत्येक धर्मग्रामात असे वृद्ध आहेत की ज्यांच्याजवळ राखण्यासारखे काहीच नाही. दुसऱ्यांच्या वाडीत राबलेली मजूर स्त्री, मुंबईच्या घरांतून धुणीभांडी केलेली बाई, जाळ्यावर रोजंदारीने गेलेला कोळी, ह्यांना हातचे राखण्याचा उपदेश करणे म्हणजे चेष्टाच होय. त्यांच्या बाबतीत देणे मुलांबरोबरच समाजाचे आणि शासनाचेही आहे.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यात सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या विश्वपत्रात, कामगारांच्या संघांजवळ आजारात आणि म्हातारपणी उपयोगी पडेल असा निधी असावा, असे प्रतिपादन केले होते. आमच्या देशात वृद्धांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली ती १९९५ साली, दरमहा ७५ रुपयांची. २००६ साली केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी तो त्यानंतर अनेक वर्षे तेवढाच राहिला, त्या काळात तांदूळ आणि औषधे मात्र कोठल्या कोठे गेली. महाराष्ट्र शासनाच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धाला २०२३ सालच्या वाढीनंतर दरमहा १,५०० रुपये ठरले, म्हणजे दिवसाचे ५० रुपये. दारिद्र्यरेषेखालील यादीत ज्यांचे नाव नाही त्यांच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली. भागाकार करून पाहावा. ज्या कुटुंबाला दिवसाला ५८ रुपये मिळतात ते ह्या मोजपट्टीने मदतीस पात्र राहत नाही. ही मर्यादा वाढवून मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ती न्यायाची मागणी आहे, आणि ती कोणी तरी एकत्रितपणे केली पाहिजे. थरथरत्या हाताची एकटी म्हातारी तहसीलदार कचेरीच्या रांगेतून ती मागणी करू शकणार नाही.

समाजाने मध्ये पडावे काय?

“घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये” ही आमच्या समाजाची जुनी शिकवण आहे. तिच्यात शहाणपण आहे. सार्वजनिक बोभाट्याने जोडता येण्याजोगी नातीही तुटतात. परंतु उंबऱ्याआड जर कोणाचा घास तोडला जात असेल, तर ह्या शिकवणीचा फायदा कोणाला होतो, हे विचारले पाहिजे.

पवित्र शास्त्रात ह्याचे दोन सुंदर दाखले आहेत. रूथच्या पुस्तकात वृद्ध विधवा नामी हिच्या शेताचा प्रश्न येतो तेव्हा बवाज तो खाजगीत उरकत नाही. तो गावाच्या वेशीत जाऊन बसतो, दहा वडीलधाऱ्यांना बोलावतो आणि सर्वांसमक्ष व्यवहार करतो. विधवेच्या जमिनीला गावाची साक्ष हवी, हे त्याला कळत होते. दुसरा दाखला प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायाचा. यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती समूहात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी काय केले? ‘प्रार्थना करा, सहन करा’ असे त्यांनी सांगितले नाही, की तक्रार करणाऱ्यांना फूट पाडणारे ठरविले नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलाविले आणि ह्याच कामासाठी सात माणसे नेमली. त्या सातांची नावे पाहावीत. स्तेफन, फिलिप आणि इतर, सारी नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती काम सोपविलेले दिसते. ख्रिस्तसभेतील सेवेची ही पहिली रीतसर व्यवस्था वृद्ध आणि निराधार स्त्रियांच्या तक्रारीतून जन्मली, हे आम्ही किती वेळा आठवतो?

संत पौलाच्या परंपरेतील तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात ह्या कामाचा क्रमही लावून दिला आहे. आधी मुलानातवंडांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे ऋण फेडावे, म्हणजे ज्यांना खरोखर कोणीच नाही अशांना मंडळीला सांभाळता येईल. १९३१ साली पोप पायस अकरावे ह्यांनी हेच तत्त्व व्यापक रूपात मांडले. लहान समूहाला जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, पण त्याला आधार जरूर द्यावा. म्हणजे धर्मग्रामाने मुलाची जागा घ्यायची नाही. मुलाला त्याच्या जागेची आठवण द्यायची, त्याला खरोखर जमत नसेल तेथे हात द्यायचा, आणि कोणीच नसेल तेथे स्वतः उभे राहायचे.

ह्या वाटेने जाणारे पूर्वी झाले आहेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था आजही अनेक धर्मग्रामांत गरिबांच्या दारी जाते. १८३९ साली फ्रान्समधील संत जान ज्युगाँ हिने एका आंधळ्या वृद्धेला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला आणि त्यातून वृद्धांची सेवा करणारा ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कोलकात्यास आला. आमच्याच वसईत १९१८ साली मॉन्सेनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था निघाली आणि शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार मिळाले. त्यांनी केवळ कर्जबाजारी शेतकऱ्यांची कीव केली असती तर आज तिची बँक झालेली दिसली नसती. कीव आणि व्यवस्था ह्यांतला हा फरक आहे.

मग आज काय करता येईल? फार मोठे काही नको. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एका रविवारी, मिस्सेनंतर, सभागृहात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडाव्यात. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, वकील, तलाठी कचेरीचा अनुभव असलेले गृहस्थ आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांनी तेथे बसावे. कोणीही वृद्धाने सही करण्यापूर्वी कागद तेथे आणावा आणि तो त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. श्रावणबाळ योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला ह्यांसाठी सोबत द्यावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली, पण ते कार्ड काढून देणारे कोणी हवे. जमीन विकून आलेला पैसा एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला सांगावे की, २०२० पासून बँकेतील ठेवींना एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण दिलेले आहे. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ साली तीस लाखांवर गेली, हेही सांगावे. दुप्पट रकमेचे आमिष दाखविणाऱ्यांच्या दारी जाण्यापूर्वी त्याने ह्या टेबलाशी थांबावे.

आणि जेथे समजुतीने भागत नाही तेथे? २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील लावावा लागत नाही. मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. निपुत्रिक वृद्धाच्या बाबतीत, ज्या नातेवाइकाला त्याची मालमत्ता मिळणार त्याच्यावर ती येते. वृद्धाला स्वतःला जाणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. १४५६७ ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही सल्ला मिळतो. आईने मुलाविरुद्ध अर्ज करणे हे दुःखाचे आहे ह्यात शंका नाही. पण ते पाप नव्हे. मुलाला त्याच्या कर्तव्याकडे परत आणण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि तो अवलंबणाऱ्या आईकडे मिस्सेच्या वेळी कोणी तिरप्या नजरेने पाहू नये.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतील. टेबलावर ऐकलेली गोष्ट टेबलावरच राहिली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या महिन्यात कोणी येणार नाही. दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. जे सल्ला देतात त्यांनी, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या धर्मग्रामाने, ज्याला सल्ला दिला त्या वृद्धाकडून जमीन, घर वा मोठी देणगी स्वीकारू नये. एखादी एकाकी वृद्धा कृतज्ञतेने सर्व काही चर्चला द्यावयास निघेल. हेतू पवित्र असेल. पण कुर्बानचा प्रसंग येशूने धर्माच्या माणसांनाच सुनावला होता, हे आम्हांला विसरता येणार नाही. तिच्या औषधपाण्याची आणि तिला सांभाळणाऱ्या लेकीसुनेची तरतूद झाली आहे काय, हे आधी विचारावे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून ठरविला. त्या दिवशी आम्ही त्यांना फुले देतो, केक कापतो, मुले गाणी म्हणतात. हे सारे चालू राहावे. त्याच दिवशी सभागृहाच्या एका कोपऱ्यात ते टेबलही मांडले जावे, आणि घराघरांतून मुलांनीच आपल्या आईबापांना तेथे घेऊन यावे. “बाबा, तुमच्या नावावर काय ठेवायचे ते आपण सगळे मिळून लिहू या,” असे मुलाने स्वतः म्हटले, तर हातचे राखावे काय हा प्रश्न म्हाताऱ्याला एकट्याने सोडवावा लागणार नाही.